आईगं फ्रेमवाला

बाजारातल्या मधल्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या अगदी समोर, फोटोंना फ्रेमा करून देणारं एक दुकान होतं. दुकानावर पाटी होती आणि पाटीवर मालकाचं नाव रीतसर रंगवलेलं होतं. पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. "आजोबांचा फोटो आईगंकडे टाकलाय," असं लोक म्हणत, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळे.

हे नाव त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. फ्रेमांच्या धंद्यात लागणं-खुपणं रोजचंच. काच बोट कापते, लाकडाची सल नखात शिरते, हातोडी खिळा सोडून अंगठ्यावर येऊन बसते. इतर कारागीर अशा वेळी बोट तोंडात घालतात, हात झटकतात आणि कामाला लागतात. हा गृहस्थ "आई गं!" म्हणून ओरडत असे. तेही कसं, तर पोटातून. 'आ'वर छातीत हवा भरायची, 'ई'वर आवाज चढवायचा आणि 'गं' असा सोडून द्यायचा, की गल्लीच्या टोकाला पाव कापणाऱ्याचा सुरा मध्येच थांबावा. शेवटच्या रांगेपर्यंत विनासायास पोचणारा आवाज देव कुणाकुणाला देऊन ठेवतो, आणि मग ती माणसं फ्रेमा ठोकत बसतात!

समोरचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेला असे. त्याने मोजणी ठेवली होती.

"मालक, जेवणापर्यंत चारच झाले! आज बाजार मंदा दिसतोय!"

"तुझं काय जातंय? अंगठा माझा फुटलाय."

"कालही फुटला होता. एकूण आहेत तरी किती अंगठे तुम्हाला?"

दुखण्याच्या बाबतीत फ्रेमवाल्याचा अभ्यासच तेवढा दांडगा होता. काच लागली की चुरचुरतं, हातोडी बसली की ठणकतं, सल रुतली की ठुसठुसतं, सरस गरम असताना सांडला तर भगभगतं. यातलं काय होतंय हे तो गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगे आणि गिऱ्हाईक बिचारं फोटो हातात धरून "हो का, हो का" करत राही. लग्नही त्याचं तसंच राहिलं. एका घरी बोलणी जवळजवळ पक्की होत आली होती. तेवढ्यात खुर्चीचा एक खिळा त्याला नको तिथे टोचला आणि त्याने नेहमीच्या पट्टीत हाक दिली. आतून मुलीची आई धावत आली. "मला बोलावलंत?" असं तिने विचारलं मात्र, मुलगी जी हसत सुटली ती हसतच आत निघून गेली.

आता, "आई गं" सगळेच म्हणतात. ते हवेत जातं आणि विरतं. या दुकानात मात्र त्याला उत्तर मिळे. फ्रेमवाला पंचावन्नचा, आई अठ्ठ्याहत्तरची. दुकानाच्या मागच्या बाजूने चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना वर दोन खोल्यांत जाई. हाक गेली की वरून "काय रे?" येई, आणि पाठोपाठ आई स्वतः येई, एका हातात मलमाची डबी, दुसऱ्या हातात चिंधी.

"दाखव. कुठंय? हे? हे तर मला चष्मा लावूनही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून दुखत नाही का?"

"दुखतं रे बाळा, दुखतं. आण ते बोट."

ती स्वतः मात्र आयुष्यात कधी "आई गं" म्हणाली नव्हती. भाजलं, कापलं, दाढ काढली, दोन बाळंतपणं झाली. ओठ घट्ट मिटून ती गप्प राही. एकदा घड्याळवाल्याने तिला विचारलं, "मावशी, लेकाचं हे असं आणि तुमचं असं कसं?" तेव्हा चिंधीची घडी घालत ती म्हणाली, "माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. हाक मारून यायचं कोणी?" घड्याळवाल्याने भिंग डोळ्याला लावलं आणि तो बराच वेळ एकाच घड्याळात बघत राहिला.

एका सकाळी फ्रेमवाल्याच्या नखात सल गेली. एवढीशी, राईएवढी. त्याने हाक दिली. आई चुलीपाशी होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि लगबगीने जिना उतरू लागली. खालून तिसऱ्या, म्हणजे वरून बाराव्या पायरीवर तिचा पाय सटकला. ती खाली आली ती थेट जमिनीवर, एका कुशीवर. खुब्याचं हाड मोडलं. त्यावेळीही ती ओरडली नाही. मुठीतली डबी तेवढी वर करून म्हणाली, "घे. मलम."

शस्त्रक्रिया झाली, हाडात खिळे बसले. ("तुझ्या धंद्यातलेच," ती म्हणाली.) दुसऱ्या गावची धाकटी बहीण महिनाभर येऊन राहिली आणि निघताना भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तीन महिने. तीन महिन्यांत आई एकटीने हा जिना उतरली तर राहू दे इथे. नाही उतरली तर मी तिला घेऊन जाते. माझं घर तळमजल्यावर आहे, दारात बाग आहे. माडीवर कोंडून घातलेली आई मला बघवणार नाही."

यात वावगं काहीच नव्हतं, म्हणून तर भांडताही येईना. लेकीच्या घरी सगळं होतं. फक्त हे दुकान नव्हतं, जिथे काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून म्हातारी संध्याकाळी गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. आणि तिचा आवाज नसलेलं दुकान फ्रेमवाल्याला कल्पनेतही आणवत नव्हतं.

आठवड्यातून तीनदा व्यायाम शिकवणारी मुलगी येई. आईने तिचं नाव फौजदारीण ठेवलं होतं.

"आजी, पाय उचला. दहा वेळा."

"दुखतं गं."

"दुखणारच. दहा वेळा खूप दुखेल, अकराव्याला जरासं कमी. आपल्याला अकराव्यापर्यंत पोचायचंय. टोचल्यासारखं झालं तर मात्र थांबायचं, मला सांगायचं."

दीड महिना म्हातारीने पाय उचलला, पलंग ते खिडकी चालली, वॉकर धरून उभी राहिली. आणि एक दिवस फौजदारीण तिला जिन्याच्या तोंडाशी घेऊन गेली. म्हातारीने खाली बघितलं. त्या चौदा पायऱ्या तिने चाळीस वर्षं न बघता उतरल्या होत्या. तिने वॉकर वळवला आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी व्यायाम नाही, तिसऱ्या दिवशी नाही. "दुखतंय," एवढंच. उभ्या जन्मात जिने तो शब्द क्वचित वापरला, तिच्या तोंडी तो ऐकून फ्रेमवाला मलमाची डबी घेऊन पलंगापाशी जाऊन उभा राहिला.

खाली त्याने तोंडाला कुलूप घातलं होतं. आपल्याच हाकेने हे झालं, ही सल नखातल्या सलीपेक्षा खोल होती. फ्रेमच्या पाठीला पुठ्ठा बसवायला बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. कारागीर त्या ओठांत धरतो आणि एकेक काढून ठोकतो. आता काम असो वा नसो, हा आपला दिवसभर ओठांत चुका धरून बसे. स्वतःच्या चुका इतक्या मनापासून तोंडात धरून बसलेला माणूस गल्लीने पाहिला नव्हता.

"मालक, आज एकही नाही?" घड्याळवाला काळजीने विचारी. "बरं वाटत नाही का?"

"ऊं," फ्रेमवाला म्हणे.

पण एकदा एक जड फ्रेम पायाच्या अंगठ्यावर पडली. चुका चारी दिशांना उडाल्या आणि इतक्या दिवसांची कोंडलेली हाक एकदम बाहेर पडली. दुसऱ्याच क्षणी त्याने तोंडावर हात दाबला. वर पलंग करकरला. वॉकर खडखडला. पावलं, एकेक, दारापर्यंत. आणि जिन्याच्या तोंडाशी आवाज आला, "काय रे?"

चार दिवस पलंगावरून न उठलेली बाई अकरा पावलं चालून आली होती.

आता एवढं दिसल्यावर माणूस काय करील? दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फ्रेमवाल्याच्या अंगठ्याला पुन्हा लागलं. दुपारी लागलं. चहाच्या वेळी लागलं. दरवेळी वर पावलं वाजत, जिन्याच्या तोंडाशी "काय रे?" येई, आणि तो खालून ओरडे, "काही नाही, थांबलं! तू जा, हळू जा!" घड्याळवाल्याचा चेहरा उजळला. "हां, आता कशी घड्याळं नीट चालतील!" आठवड्याभरात म्हातारीच्या चालीत फरक पडला, आणि फ्रेमवाल्याला आपल्या अक्कलहुशारीचं इतकं कौतुक वाटू लागलं, की तो निष्काळजी झाला. खोटं सोंग वठलं की माणसाचं असंच होतं. तो आरशात बघणं सोडून देतो.

एका दुपारी तो खुर्चीवर पाय पसरून, एका हातात चहाचा कप धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "आई गंऽऽऽ" म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. वर बघतो, तर आई आधीच जिन्याच्या तोंडाशी उभी.

"चहा गरम आहे का रे?"

त्याने कप पाठीमागे लपवला.

"खऱ्या 'आई गं'ला शेपूट नसतं," ती म्हणाली. "तुझा 'गं' लांबला की मला कळतं. दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे मला."

"मग येत कशाला होतीस?"

"एखादा खरा निघाला तर?"

फ्रेमवाला कप ठेवून जिन्याच्या पायथ्याशी आला. वर ती, खाली तो, मध्ये चौदा पायऱ्या. "आई," तो म्हणाला, "तुला जायचंय का तिच्याकडे?"

"तिच्याकडे बाग आहे."

"ते विचारलं नाही मी."

"मला बागेत काय करायचंय? फुलांशी बोलू?" तिने वॉकरवर बोटं वाजवली. "नाही जायचं. पण बारावी पायरी बघितली की पायातलं बळच जातं रे. आणि ऐक. मी उतरीन, पण मी जिन्यावर असताना तू ओरडलास, तर मी धावणार. माझ्या पायांना खरं-खोटं कळत नाही. तेवढं सांभाळशील?"

"सांभाळीन."

"काच लागली तरी?"

"काच लागली तरी."

म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं, जसं मांजराने दुधाची शपथ घेतल्यावर बघावं.

दुसऱ्या दिवसापासून फौजदारिणीच्या देखरेखीखाली जिन्याची तालीम सुरू झाली. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. पहिल्या दिवशी एक पायरी खाली, एक वर. दोन दिवसांनी दोन. म्हातारीने स्वतःची अशी एक युक्ती काढली. आयुष्यात ज्याच्याशी हिशेब राहिला होता असं एकेक माणूस तिने एकेका पायरीवर बसवलं.

"ही थोरली जाऊ. लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली, नवरी ठेंगणी आहे." धप्प! "ही मावससासू." धप्प! "हा दात काढणारा. शेजारची दाढ काढली मेल्याने."

"आजी, सहाव्यावर कोण?" फौजदारिणीला आता रंग चढला होता.

"विहीणबाई. तिच्यावर जरा थांबू या. दम खाऊ."

सातवी पायरी तिच्या नवऱ्याची होती. त्यावर ती पाय अलगद ठेवी. "गेलेला माणूस आहे. पण ठेवायचाच. मला न विचारता गेला." फक्त बारावी कोणाची ते तिने सांगितलं नाही. ती पायरी सैल होती, पाय पडला की कुरकुरायची. तिथवर ती कधी गेलीच नाही; अकराव्यावरून दोन्ही पाय थरथरत आणि ती मागे फिरे. पाय सुजे. रात्री उशी लागे पायाखाली. पण सकाळी पुन्हा जाऊबाई होत्याच वाट बघत.

खाली लेकाचीही तालीम चालू होती. हातोडी बसली की तो डोळे मिटून दहापर्यंत मोजे. दहापर्यंत ठणका वर चढत जाई आणि अकराव्याला, खरोखरच, जरासा उतरे. पंचावन्न वर्षांत त्याने एकही दुखणं अकरापर्यंत नेलं नव्हतं! त्याला हा मोठा शोध वाटला आणि तो घड्याळवाल्याला सांगायला धावला.

"मालक," घड्याळवाला म्हणाला, "हा शोध जगाने आधी लावलाय. पण तुम्ही लावलात, यातच सगळं आलं."

तीन महिने भरले त्या दिवशी सकाळी बहीण आली. तिच्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती. ती तिने लपवली नाहीत. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन ती बसली. वरून आईने फर्मान सोडलं, "कोणी हात द्यायचा नाही. कोणी मान वर करून बघायचंही नाही. दादाला सांग, काम करत राहा. त्याच्या तोंडाकडे बघितलं की मला अख्खा जिना त्यातच दिसतो."

फ्रेमवाल्याने एका शाळकरी मुलीच्या प्रशस्तिपत्रकासाठी काच कापायला घेतली. पट्टी ठेवली, काचेवर चरा पाडणारी हिरकणी फिरवली, बारीक चर्र झालं. आता काच टेबलाच्या कडेवर घेऊन एका झटक्यात मोडायची. वर पहिली पायरी वाजली.

"जाऊबाई."

दुसरी. त्याने मान वर करायची नव्हती, आणि त्याने ती केली. काच मोडायची ती भलत्याच रेषेत मोडली आणि अंगठ्याच्या खालच्या मांसात खोलवर गेली.

राईएवढी सल नव्हती ही. रक्त टेबलावर आलं, प्रशस्तिपत्रकाला चुकवून खाली ओघळलं. बहिणीने तोंड उघडलं. फ्रेमवाल्याने चांगला हात वर केला आणि मान हलवली: नाही. छातीत हवा भरली होती, 'आ' ओठांशी येऊन उभा होता. त्याने तो दातांत धरला. पुसायचं फडकं तळव्यावर दाबलं, मूठ वळली आणि मोजू लागला. एक. दोन. लहानपणी काटा रुतला म्हणून सारी आळी गोळा करणारा आपला दादा पांढराफटक होऊन उभा आहे आणि आवाज येत नाही, हे बघून बहिणीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"दातवाला." धप्प. चौथी, पाचवी. "विहीणबाई." मग एक अलगद पाऊल. आठवी. नववी. आणि नवव्या पायरीवर, कठडा घट्ट धरलेल्या म्हातारीच्या तोंडून हळूच निघालं, "आई गं..."

जन्मात पहिल्यांदा. ती स्वतःच चपापली. खाली फ्रेमवाल्याची मोजणी सात की आठवर कुठेतरी होती. हाक आली म्हणजे उत्तर जायला हवं, या घराची तशी रीतच होती. तो रोज टेबलापाशी बसून बोलतो त्या साध्या आवाजात म्हणाला,

"काय गं?"

त्या दोन अक्षरांत ना कंप, ना कण्हणं. असा सहज सूर लावता यावा म्हणून माणसं उभी हयात घासतात.

 मग म्हातारी जरा हसल्यासारखी झाली. "काही नाही रे. सणक आली होती. गेली."

"मग ये."

"येतेच आहे. दहावी, अकरावी." ती थांबली. "आहेस ना रे तिथे?"

"आहे."

बारावी पायरी कुरकुरली. पाऊल टेकलं, वजन आलं, पायरी पुन्हा कुरकुरली आणि गप्प झाली. तेरावी कोणाची होती आणि चौदावी कोणाची, ते म्हणायचं ती विसरूनच गेली.

जमिनीवर उभी राहून तिने आधी लेकीकडे बघितलं, ती डोळे पुसत होती. मग लेकाच्या मुठीकडे. फडकं लाल झालं होतं.

"कधी लागलं?"

"दातवाल्याच्या वेळी."

"आणि बोलला नाहीस!"

"तूच सांगितलं होतंस."

"बारावीवर तुला बसवलं होतं," ती त्याच्याकडे येत म्हणाली. एक हात टेबलाला, दुसरा त्याच्या मनगटाला. "कुरकुऱ्या म्हणून. आज बघ, पायरी वाजली आणि तू नाही वाजलास." तिने फडक्याचं टोक उचलून आत बघितलं आणि पटकन झाकलं. या वेळी चष्मा लागला नाही. "अगं, रिक्षा बघ तू, टाके पडणार याला. ती तिकिटं नंतर फाड." मग लेकाची हनुवटी वर करून म्हणाली, "म्हण आता. आले मी खाली."

"आई गं!" तो म्हणाला.

अख्ख्या गल्लीत ऐकू गेलं. पावाचा सुरा थांबला.

"काय रे?" ती म्हणाली.

समोरून घड्याळवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं आणि ओरडून विचारलं, "मावशी, आजचे किती झाले?"

"एकच," म्हातारी म्हणाली. "पण खरा."